दिवाळीच्या सुट्टीत होई आन नको

व्हिएतनामची सहल ठरवणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हाती सध्या जो कार्यक्रम पडतो, तो जवळजवळ ठरलेला असतो. हनोईत दोन रात्री, हा लाँगच्या उपसागरात बोटीवर एक रात्र, तिथून परत हनोईला येऊन विमानाने दा नांग, मग दा नांग आणि होई आन मिळून दोन-तीन रात्री आणि शेवटी हो चि मिन्ह सिटी, म्हणजे जुने सायगॉन. आठ दिवसांत तीन मुक्काम आणि मधोमध हक्काचा समुद्रकिनारा. हा कार्यक्रम एप्रिलमध्ये जसा विकला जातो तसाच ऑक्टोबरमध्येही विकला जातो. त्यात हॉटेल बदलते, दर बदलतो, पण किनारा बदलत नाही. माझा आक्षेप नेमका यावर आहे. अनेक मुक्कामांच्या प्रवासात समुद्राकाठचे गाव निवडताना ते किती सुंदर आहे हा प्रश्न सगळ्यांत शेवटी यायला हवा. आधी आपली सुट्टी कोणत्या महिन्यात येते ते पाहावे, मग ते गाव प्रवासाच्या साखळीत नेमके कुठे बसते ते पाहावे आणि त्यानंतर छायाचित्रांकडे वळावे. या क्रमाने विचार केला की दिवाळीच्या सुट्टीत होई आन यादीतून वगळावे लागते आणि मे महिन्यात तेच गाव पहिल्या क्रमांकावर येते.

व्हिएतनाम उत्तर-दक्षिण सोळाशे किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि मध्ये एके ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम पन्नास किलोमीटर उरते. एवढ्या लांब आणि चिंचोळ्या देशाला एकच पावसाळा असणे शक्य नाही. हनोई आणि सायगॉन या दोन्ही टोकांना पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, म्हणजे आपल्या ओळखीच्या महिन्यांत पडतो. मधल्या किनारपट्टीचे वेळापत्रक मात्र वेगळे आहे. ह्वे, दा नांग, होई आन या पट्ट्याच्या पाठीशी त्रुओंग सॉन पर्वतरांग उभी आहे. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे आपला ओलावा लाओसच्या बाजूला टाकून येतात आणि डोंगर उतरताना कोरडे, तापलेले होतात. सह्याद्री ओलांडलेले ढग माण-फलटणकडे जसे रिकामे पोचतात, तसाच हा प्रकार. सप्टेंबर सरता सरता वारा दिशा बदलतो. आता तो ईशान्येकडून, समुद्रावरून बाष्प घेऊन येतो आणि ते सगळे या डोंगरांच्या पूर्व उतारावर, म्हणजे थेट या गावांवर रिते करतो. आपल्याला हे नवीन वाटू नये, कारण चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर जो पाऊस झोडपतो तोही ईशान्य मोसमी वाऱ्यांचाच. दिवाळीत मुलांना घेऊन चेन्नईच्या समुद्रावर चार दिवस राहू, असे पुण्या-मुंबईतले कुटुंब सहसा ठरवत नाही. दा नांगच्या बाबतीत मात्र तीच शंका मनात येत नाही, कारण आपण पूर्ण देशाला मिळून एकच हवामान धरून चालतो.

त्यात भर चक्रीवादळांची. उन्हाळ्यात ही वादळे देशाच्या उत्तरेकडे धडकतात आणि जसजसे वर्ष सरते तसतसा त्यांचा मार्ग दक्षिणेकडे सरकतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात तो नेमका मधल्या किनाऱ्यावर असतो. दा नांगला एकट्या ऑक्टोबरात सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे मुंबईच्या जूनइतका किंवा त्याहून अधिकच. ही झाली सरासरी. २०२५ मध्ये आपल्याकडे भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. त्यानंतर चार-पाच दिवसांतच, म्हणजे दिवाळी घरी साजरी करून लोक सहलीला निघतात अगदी त्या दिवसांत, ह्वे आणि दा नांगच्या मधल्या बाख मा डोंगरावर चोवीस तासांत १,७०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे आठवले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. ह्वे बुडाले, होई आनच्या जुन्या पेठेत रस्त्यांवरून होड्या चालल्या आणि पर्यटकांना हॉटेलांतून बाहेर काढावे लागले. असे पाणी दरवर्षी याच पातळीवर चढत नाही. पण थू बोन नदीला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पूर येणे ही होई आनच्या रहिवाशांना अनपेक्षित वाटणारी घटना नाही. तिथल्या जुन्या व्यापारी घरांत माडीच्या तक्तपोशीला झडप असते. पाणी वाढू लागले की खालचा माल दोरीने वर ओढून घ्यायचा, अशी ती सोय. तान क्यी या प्रसिद्ध घरात भिंतीवर पुरांच्या खुणा करून ठेवलेल्या आहेत आणि १९६४ च्या महापुराचे पाणी कुठवर चढले होते ते आजही दाखवतात. ज्या गावाने आपल्या घरांच्या रचनेतच ही वेळ मांडून ठेवली आहे, तिथे नेमक्या त्याच वेळी सुट्टी घालवायला जाण्यात शहाणपण नाही.

होई आनला मी कमी लेखतो आहे असे कोणी समजू नये. उलट, व्हिएतनामच्या अवघ्या ३,२६० किलोमीटरांच्या किनाऱ्यावर एकच गाव निवडायचे असेल आणि महिन्याची अडचण नसेल, तर मी होई आनच सुचवेन. पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत हे आग्नेय आशियातले मोठे व्यापारी बंदर होते. चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांनी इथे पेढ्या घातल्या, वस्त्या केल्या. इथल्या जपानी पुलाचे काम सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले असे मानतात आणि मोठ्या दुरुस्तीनंतर तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले, मोठी जहाजे दा नांगकडे वळली आणि होई आन मागे पडले. आपल्या चौलची आणि सोपाऱ्याची गोष्टही अशीच आहे. फरक एवढाच की चौलमध्ये तट, पडक्या भिंती आणि नारळी-पोफळीच्या बागांतून इतिहास शोधावा लागतो, तर होई आनची पेठ जशी होती तशी उभी राहिली. व्यापार गेल्यामुळे जुने पाडून नवे बांधायला कुणाकडे कारण उरले नाही आणि १९९९ मध्ये युनेस्कोने ती जागतिक वारसा म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी जवळच्या मी सॉनलाही तो मान मिळाला. होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात चाम राजांनी बांधलेली ही शिवमंदिरे आहेत. चौथ्या शतकातल्या भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वर या नावाने शिवलिंग स्थापन केले होते. आपल्या पुरातत्त्व खात्याने इथल्या तीन मंदिरसमूहांचे जतनकार्य केले आहे आणि ते चालू असताना २०२० मध्ये नवव्या शतकातले अखंड दगडी शिवलिंग सापडले. मराठी माणसाने पाहावेच असे हे ठिकाण आहे. म्हणूनच ते गुडघाभर चिखलातून, छत्री सावरत, तासाभरात उरकून टाकण्याचे नाही.

आता साखळीचा मुद्दा. एकाच ठिकाणच्या सुट्टीत पाऊस आला तर त्या सुट्टीचे नुकसान होते. अनेक मुक्कामांच्या प्रवासात मधला मुक्काम कोलमडला की त्याच्या पुढचे सगळे कोलमडते. हनोई ते दा नांग विमानाने सव्वा-दीड तासाचा प्रवास आहे, रेल्वेने साधारण सोळा तासांचा. होई आनला स्वतःचे विमानतळ नाही, रेल्वे स्थानकही नाही. दा नांगला उतरून तीसएक किलोमीटर मोटारीने जावे लागते. म्हणजे या किनाऱ्यासाठी दोन देशांतर्गत विमाने आणि त्यांच्या मागेपुढे जाणारा दोन अर्ध्या दिवसांचा वेळ खर्ची पडतो. आठ दिवसांतला एक पूर्ण दिवस त्यात जातो. हवा चांगली असेल तर ही किंमत मी आनंदाने मोजायला सांगेन. पण वादळाच्या दिवसांत दा नांगचे विमान रद्द झाले, तर सायगॉनचे हॉटेल, तिथली आरक्षित सफर आणि परतीचे मुंबईचे विमान ही सगळी एकेक करून धोक्यात येतात. याउलट प्रवेशाच्या शहराला रस्त्याने जोडलेला किनारा असला, तर हवा बिघडल्यावर तो बेत सोडून शहरातच राहता येते आणि पुढच्या साखळीला धक्का लागत नाही. किनारा प्रवासाच्या मधोमध, विमानांच्या दोन दुव्यांवर टांगलेला असेल, तर त्याच्या हवामानाविषयी खात्री असायलाच हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशी खात्री दा नांगविषयी देता येत नाही.

यावर पहिला प्रश्न ठरलेला आहे. पाऊस काय चोवीस तास पडतो का? गेल्या वर्षी आमचे शेजारी नोव्हेंबरमध्ये गेले होते, त्यांना लख्ख ऊन मिळाले. हे खरे असू शकते. पावसाळ्यातही उघडीप असते आणि एखादा नोव्हेंबर बराचसा कोरडाही जातो. पण ईशान्य मोसमी पावसाची रीत आपल्या दुपारच्या वळवासारखी नसते. तो लागला की आभाळ दोन-तीन दिवस भरून राहते आणि आपला या गावातला मुक्काम असतो दोन-तीन रात्रींचाच. शिवाय ऊन पडले तरी समुद्र शांत होत नाही. ईशान्येचे वारे सुरू झाले की लाटा उंच होतात, पोहण्यावर बंधने येतात आणि होई आनसमोरच्या चाम बेटांकडे जाणाऱ्या बोटी अनेकदा बंद असतात. होई आनच्या कुआ दाई किनाऱ्याचा मोठा भाग याच हंगामातल्या लाटांनी कसा खाऊन टाकला, हे २०१४ पासून सगळे पाहत आहेत. बा ना टेकड्यांवरचा, दोन दगडी पंजांनी उचलून धरल्यासारखा दिसणारा सोनेरी पूल २०१८ मध्ये खुला झाला आणि तोच आज अनेकांना दा नांगला ओढून नेतो. तो सुमारे चौदाशे मीटर उंचीवर आहे. या दिवसांत तिथे ढगांत शिरून पुलाचे कठडे तेवढे दिसण्याची शक्यता मोठी असते. पंधरा-वीस दिवस हाती असलेल्या, एकट्याने हिंडणाऱ्या तरुणाने हा धोका जरूर पत्करावा. पावसातली जुनी पेठही देखणी असते आणि गर्दी कमी असते. पण आजी-आजोबा आणि दोन लहान मुले घेऊन, सात रात्रींसाठी, वर्षभर साठवलेले पैसे खर्चून निघालेल्या कुटुंबाला तो सल्ला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कमी झालेल्या दराचा मोहही त्यांनी धरू नये, दर कमी होण्याचे कारणच तो पाऊस आहे.

मग दिवाळीत समुद्र नकोच का? हवा असेल तर तो उत्तरेला आहे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर हा उत्तर व्हिएतनामचा सर्वांत चांगला काळ. पाऊस ओसरलेला, हवा कोरडी आणि गार होऊ लागलेली, हनोईच्या रस्त्यांवर पायी हिंडावे असे ऊन. हा लाँगचा उपसागर १९९४ पासून वारसा यादीत आहेच, २०२३ मध्ये त्या वारशात शेजारच्या कात बा द्वीपसमूहाचाही समावेश झाला. माझी शिफारस या कात बा बेटाची आहे. प्रचलित कार्यक्रमात हा लाँगला बोटीवर एक रात्र असते. दुपारी चढायचे, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत उतरायचे आणि मधल्या वेळात इतर शंभर बोटींच्या मागून त्याच गुहा पाहायच्या. कात बावर मात्र गाव आहे, मासेमारीचा धक्का आहे, बाजार आहे आणि १९८६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, ज्यात जगात इतरत्र कुठेही नसलेले कात बा लंगूर अगदी थोड्या संख्येने उरले आहेत. चुनखडीच्या डोंगरांमधले लान हा उपसागराचे शांत पाणी इथूनच बघता येते. हनोईहून हायफाँगमार्गे मोटार आणि फेरीने इथे पोचता येते, विमान लागत नाही. दा नांगसाठी ठेवलेल्या दोन-तीन रात्री इथे वळवल्या, तर विमानांचा वेळ आणि खर्च वाचतो, शिवाय त्यातूनच चुनखडीच्या डोंगरांत नदी वाहणाऱ्या निन्ह बिन्हसाठी एक दिवस काढता येतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. नोव्हेंबरात इथले पाणी गार असते, तासन्‌तास डुंबण्याचा आनंद इथे मिळणार नाही.

डुंबायचेच असेल तर दक्षिणेकडे जावे. थायलंडच्या आखातातले फू क्वोक बेट ईशान्य वाऱ्यांच्या आडोशाला आहे. मे ते ऑक्टोबर तिथे जोरदार पाऊस असतो, नोव्हेंबरात तो सरतो आणि मार्चपर्यंत समुद्र तळ्यासारखा असतो. दिवाळी लवकर आली तर फू क्वोक नको, उशिरा आली तर चालेल, इतके हे गणित साधे आहे. लक्ष्मीपूजन २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते, तेव्हा फू क्वोक धोक्याचे होते. २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे दिवाळीनंतरच्या आठवड्यात तिथे जाण्यात फारसा धोका नाही. २०२७ मध्ये ते पुन्हा २९ ऑक्टोबरला सरकते. नाताळच्या सुट्टीला तर फू क्वोकला तोड नाही, कारण त्या दिवसांत दा नांगला ढगाळ गारवा आणि खवळलेला समुद्र असतो. हे बेट रिसॉर्टांनी भरून गेले आहे आणि होई आनसारखे पाय ओढून नेणारे जुने गाव तिथे नाही, हे मला मान्य आहे. ते साखळीच्या शेवटी ठेवले तरी परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक रात्र सायगॉनला काढावी. बेटावरून सुटणाऱ्या विमानावर त्याच दिवशीचे मुंबईचे विमान टांगून ठेवू नये.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे. महाराष्ट्राला सातशे वीस किलोमीटरांचा किनारा आहे, शेजारी गोवा आहे, मग विमानाने परदेशी जाऊन पुन्हा समुद्रच कशासाठी बघायचा? हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण तो निवडीची कसोटी हाती देतो. वाळू, माड आणि मावळता सूर्य एवढ्यासाठीच परदेशातला किनारा घेत असाल तर तो खरोखरच घेऊ नये. ते सगळे गुहागरला आहे. समुद्राने त्या गावाला जे दिले आणि जे नेले, ते पाहता येत असेल तरच तो मुक्काम सार्थकी लागतो. होई आनमध्ये गाळाने संपलेल्या बंदराची पेठ दिसते, कात बामध्ये पाण्यात बुडालेल्या चुनखडीच्या प्रदेशातले कोळ्यांचे जगणे दिसते. या कसोटीवर दा नांगच्या किनाऱ्यावरची उंच हॉटेले मागे पडतात आणि फू क्वोकचीही बरीच पीछेहाट होते. म्हणून कोकणात वरचेवर जाणाऱ्या कुटुंबाने दिवाळीत फू क्वोकपेक्षा कात बाच निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या ज्या मुलांनी समुद्रात कधी पाय घातला नाही, त्यांच्यासाठी उत्तर वेगळे असू शकते.

काही जण म्हणतील की होई आनचे आकाशकंदील दिवाळीतच बघायला हवेत, दोन्ही उत्सव एकत्र साधतील. कल्पना मनोहर आहे, पण तिथीत बसत नाही. पेठेत कंदील रोज लागतात हे खरे, मात्र विजेचे दिवे मालवून नदीत दिवे सोडण्याची जी खास रात्र असते, ती व्हिएतनामी चांद्रमासाच्या चौदाव्या दिवशी येते. त्यांचा महिना अमावास्येला धरून सुरू होतो. म्हणजे आपली दिवाळी अमावास्येची आणि त्यांची ती रात्र जवळपास त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास. तोवर बहुतेकांच्या सुट्ट्या संपलेल्या असतात. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र ही रात्र पकडणे अवघड नाही, वैशाख किंवा ज्येष्ठ पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी होई आनला पोचले की झाले. मार्च ते ऑगस्ट या काळात मधला किनारा कोरडा असतो, समुद्र शांत असतो, चाम बेटांच्या बोटी चालू असतात. ऊन कडक असते, पस्तीस अंशांच्या वर पारा सहज जातो, पण विदर्भाचा मे काढलेल्या माणसाला त्याचे भय वाटू नये. मी सॉनला सकाळी लवकर जावे, दुपार सावलीत काढावी, संध्याकाळी पेठेत उतरावे. शाकाहारी मंडळींनी ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवावा. तो चहासाठी नसून शाकाहारी जेवणासाठी आहे आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी घरांत तेच जेवतात, त्यामुळे या दोन दिवशी शाकाहारी जेवण सहज मिळते. आणि जुलैत जाणार असाल तर उत्तरेकडच्या बोटीविषयी सावध राहा. १९ जुलै २०२५ रोजी अचानक आलेल्या वादळात हा लाँगमध्ये पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसे गेली. म्हणजे प्रत्येक किनाऱ्याचे आपापले महिने आहेत आणि कार्यक्रम विकणाऱ्याने ते सांगितले पाहिजेत.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारा. आमच्या तारखांना दा नांगचे विमान रद्द झाले किंवा होई आनमध्ये पाणी शिरले, तर तुम्ही आम्हाला कुठे नेणार आणि तो खर्च कोण करणार? ज्यांच्याकडे याचे उत्तर तयार नसेल, त्यांच्याबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मधल्या किनाऱ्यावर जाऊ नका. या दिवाळीचे पैसे हनोई, निन्ह बिन्ह आणि कात बावर खर्च करा आणि होई आनची तिकिटे पुढच्या मे महिन्याची काढा.